विश्लेषण : घरात कोणी नाही, हे ‘स्मार्ट’ घराला कोण सांगते?

समजा, मुलगा आणि सून कामावर गेले. दोघांचे मोबाइल घरापासून दूर गेल्याचे लोकेशनवरून कळताच ‘स्मार्ट’ घराने दिवे-पंखे बंद केले. आतल्या खोलीत आजी उकाड्यात बसून राहिल्या. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. त्यामुळे घराच्या लेखी त्या घरात नव्हत्याच. यात बिघडले काहीच नाही. ‘दोन मोबाइल बाहेर’ म्हणजे ‘घर रिकामे’ असे घराला ज्याने शिकवले, त्याचा विचार तोकडा पडला.

नियम कसा बनतो?

अ‍ॅप कोणतेही असो, सांगाडा साधारण एकच असतो : काय घडल्यावर, कोणती अट असताना, काय करायचे. यातला ‘घडणे’ आणि ‘असणे’ हा फरक हमखास निसटतो. गच्चीवरच्या टाकीचेच पाहा. ‘पाणी ३० टक्क्यांखाली गेले की मोटार चालू’ हा नियम निर्दोष वाटतो. पण नेमके त्याच वेळी वीज गेलेली असेल तर? राउटर आणि सेन्सर इन्व्हर्टरवर सुरू असतात, मोटार नसते. आदेश सुटतो आणि फुकट जातो. तासाभराने वीज येते, तोवर पाणी आधीच ३० च्या खाली असते. ‘खाली जाणे’ पुन्हा घडत नाही आणि मोटार लागत नाही. म्हणून ‘वीज आली’ ही दुसरी घटनाही जोडावी लागते आणि तेव्हा पातळी तपासावी लागते. भारनियमन भोगलेल्यांना खरे तर हे आधी सुचायला हवे!

मोटार बंद करण्याचा आकडाही वेगळा हवा, समजा ९० टक्के. चालू आणि बंद दोन्ही ३० वरच ठेवले, तर पाणी जरा हिंदकळले तरी मोटार चालू-बंद होत राहील.

‘आणि’ की ‘किंवा’?

‘रात्री ११ नंतर आणि पहाटे ५ च्या आधी’ असे आपण सहज म्हणतो. घड्याळाच्या आकड्यांत २३ पेक्षा मोठी आणि ५ पेक्षा लहान अशी वेळ अस्तित्वातच नाही. काही अ‍ॅप मध्यरात्र स्वतःहून सांभाळून घेतात. इतरत्र तिथे ‘किंवा’ लिहावे लागते. सेन्सरचेही तसेच. हालचाल टिपणारा साधा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेतून येणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल पाहतो. शौचालयात पेपर वाचत निवांत बसलेला माणूस त्याला दिसत नाही, आणि दिवा जातो.

चुकलेच तर कोणत्या बाजूला?

सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. दिवा उगाच जळत राहिला तर थोडे वीजबिल वाढते. पंखा उगाच बंद झाला तर आजी घामाघूम होतात. तेव्हा माणसाच्या सोयीच्या गोष्टी शंका असेल तर चालू राहाव्यात. मोटार आणि गीझर यांचे उलटे. खालची टाकी कोरडी असताना मोटार फिरत राहिली तर जळू शकते; त्यामुळे टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ झाला, की सेन्सर काहीही सांगो, ती बंद झालीच पाहिजे. आणि आजींच्या हाताशी असलेले पंख्याचे बटण वायफाय नसतानाही चालले पाहिजे.