सिकलसेलचा निरोप ग्रुपवर टाकताना

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो. त्या दिवशी संघटनांचे, महिला मंडळांचे आणि विहारांचे व्हॉट्सॲप ग्रुप पोस्टरांनी भरून जातात. दुसऱ्या दिवशी सगळे शांत! चिंचपाडा परिसरात काम करताना आमचे मत पक्के झाले आहे, की अशाने संघटनेचे नाव होते, आजाराची माहिती होत नाही.

हा फक्त आदिवासींचा आजार, असे आपल्या बांधवांनी समजू नये. विदर्भात बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणीचा निरोप लग्न ठरण्याआधी पोहोचला पाहिजे तो यासाठीच.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. तपासणी सरकारने करावी, पण माणसांचा विश्वास आपणच मिळवू शकतो. त्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, भाषा. नवापूर भागात मावची किंवा भिलीत बोललेला एक मिनिटाचा आवाजी निरोप छापील मराठी पोस्टरपेक्षा जास्त कामाचा. अनेक बायांच्या हाती स्वतःचा मोबाईल नसतो. तो निरोप बैठकीत सर्वांना मोठ्याने ऐकवावा.

दुसरी, खातरजमा. ‘जडीबुटीने सिकलसेल मुळासकट जातो’ असा मजकूर वाचून रुग्णाने हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद केली, तर असह्य वेदना पुन्हा उसळू शकतात. केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. ग्रुप ॲडमिनने ते आधी पाळावे. शंका असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे, मगच पुढे पाठवावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गुप्तता. शिबिराच्या फोटोबरोबर वाहकांच्या नावांची यादी कधीही टाकू नये. एकदा फिरलेली यादी परत घेता येत नाही. तिचा फटका बहुधा मुलीलाच बसतो, तिचे लग्न मोडते. मग पुढच्या शिबिराला वस्तीतून कोण येणार?

वाहक असणे हा कलंक नाही. जन्मावरून माणसाला कमी लेखण्याविरुद्ध उभी राहिलेली आपली चळवळ रक्ताच्या अहवालावरून नवी उतरंड तयार होऊ देणार नाही, याची जबाबदारी आपल्या प्रत्येक ग्रुपने घ्यावी.

जय भीम!