सोबतीला कोणी थांबायचं?

दवाखान्यात रात्री थांबायची वेळ आली की आपल्याकडे जो रिकामा असेल त्याला पाठवतात. आज सून, उद्या भाचा. हाडाच्या ऑपरेशनला हे चालून जातं. फिटच्या तपासणीला चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे त्या फिट्स ज्याने वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत, त्यानेच थांबावं.

कारण सांगतो. आमच्या सौ.ला तरुणपणापासून फेफरं आहे. साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या फिट्स औषधांना दाद देत नाहीत, त्यांतलीच ती. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही गुण येत नसेल, तर ऑपरेशन करता येईल का ते पाहतात. त्यासाठी फिट मेंदूच्या कोणत्या भागातून उठते ते आधी शोधावं लागतं. एमआरआय होतो, मग व्हिडिओ ईईजी. डोक्यावर तारा चिकटवतात, समोर कॅमेरा रात्रंदिवस चालू. डॉक्टर आपल्या देखरेखीखाली औषध कमी करत नेतात आणि सगळे फिटची वाट बघत बसतात. जी येऊ नये म्हणून आयुष्यभर नवस बोललो, तिचीच वाट! त्यासाठी आम्ही संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेलो आणि पाच दिवस राहिलो.

"तुम्ही या वयात कशाला? सून आहे ना!" असं जाण्याआधी पुष्कळांनी सुचवलं. पण तिची फिट म्हणजे धाडकन पडणं नव्हे. बोलता बोलता थांबते, नजर स्थिर होते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हाताचा पदराशी चाळा सुरू होतो. नवख्याला वाटेल, विचारात आहे. मला लगेच कळतं. म्हणून बटण मी दाबायचं. पांघरूण बाजूला करायचं, म्हणजे हातपाय कॅमेऱ्याला दिसतात. मध्ये उभं राहायचं नाही. नाव विचारायचं, आणि धड उत्तर किती वेळाने आलं ते लिहून ठेवायचं. तिला स्वतःला यातलं काहीच आठवत नाही. कोणता हात आधी आखडला, बोलणं कधी परत आलं, यावरून फिट कोणत्या बाजूची ते ठरवायला मदत होते.

आता अडचण अशी, की पुष्कळ घरांत असा जाणता माणूस एकच असतो, कारण बाकीच्यांपासून आजार लपवलेला असतो. लपवण्याला कारणही होतं. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारं फेफरं हे लग्न रद्द करून मागण्याचं कारण ठरलं होतं. १९९९ मध्ये तो शब्द वगळला. कायदा सुधारला, पण मुलीचं जमेपर्यंत गप्प बसा म्हणणारे अजून भेटतात. याउलट पुण्याच्या यशोदा वाकणकर. स्वतः अपस्मार सोसून त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी 'संवेदना' हा मदतगट सुरू केला, आणि माणसं तिथे उघड बोलू लागली.

म्हणून माझं सांगणं एवढंच. घरात कोणाला फिट येत असेल तर एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, काय काय झालं ते लिहा. त्या व्यक्तीची आधी परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. आणि घरातल्या आणखी दोघांना ही लक्षणं ओळखायला शिकवा. मी बहात्तर वर्षांचा आहे, जन्मभर पुरणार नाही.

आमचे अहवाल अजून डॉक्टरांसमोर आहेत. ऑपरेशन सगळ्यांना लागू पडत नाही. बोलण्याला, आठवणीला धक्का लागेल का तेही पाहावं लागतं. जमण्यासारखं असलं तर करायचं की नाही, ते ती ठरवेल. त्यात मी माझं मत घुसडणार नाही, असं तिला सांगून ठेवलंय. त्यावर ती म्हणाली, "बघू या, किती दिवस जमतंय ते!"