हंटरवालीचा कैवार

हल्लीं आमच्या सुशिक्षित मंडळींत एक नवी चाल पडली आहे. मारधाडीचे, भुताखेतांचे, थोडक्या भांडवलावर घाईनें उरकलेले चित्रपट पाहणें हें पूर्वीं हलकेपणाचें लक्षण समजत असत. आतां तेच चित्रपट चार मित्र जमवून मुद्दाम पाहणें ही रसिकतेची खूण होऊन बसली आहे. मात्र पाहावयाचे ते हंसण्यासाठीं. 'इतका वाईट कीं त्यामुळेंच उत्तम' हें या रसिकतेचें सूत्र. तेंही परदेशांतून तयार आणलेलें. आमच्या वडील पिढीनें या चित्रपटांचा तिरस्कार केला, तो एक वेळ आम्ही समजूं शकतों. तिरस्कार करणारा निदान समोरच्या वस्तूला थोडाफार भीत असतो. हें नवें कौतुक आम्हांला त्या तिरस्काराहून अधिक अपमानाचें वाटतें, आणि जन्मभर या चित्रपटांवर जीव लावून बसलेल्या माणसानें त्याविरुद्ध चार शब्द बोलणें अवश्य आहे असें आम्ही समजतों.

अशा एका खेळाला आम्ही गेलों होतों. शहराचें व मंडळाचें नांव येथें नको. पडद्यावर एक मनुष्य आकाशांतून उडत होता. त्याला पेलणारा दोरा क्षणभर चमकला मात्र, आणि सारें सभागृह खदखदून हंसलें. शेजारच्या तरुण गृहस्थांना आम्हीं विचारलें, हा दोरा कोणीं बांधला असेल? त्यांना प्रश्नच कळला नाहीं.

प्रश्नाला उत्तर आहे. आपल्या देशांत पडद्यावरच्या दोऱ्याला एक नांव आहे. तें बाबूभाई मिस्त्री. सुरतेकडून मुंबईस आलेल्या या माणसानें १९३७ सालीं विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटांत अदृश्य मनुष्याची करामत करून दाखविली. वस्तु आपोआप हलतात, उचलल्या जातात असें भासावें म्हणून त्यानें काळ्या पडद्यापुढें काळा दोरा वापरला, आणि तेव्हांपासून धंद्यांतली मंडळी त्याला 'काला धागा' म्हणूं लागली. ऐकावयास हें सोपें वाटतें. करून पाहावें म्हणजे कळेल! दिव्याचा कोन जरा चुकला कीं दोरा चकाकलाच. एकाच फितीवर दोन चित्रें उठवावयाचीं तर पहिल्या वेळीं चौकटीचा अर्धा भाग झांकावा, फीत उलटी गुंडाळावी, आणि दुसऱ्या वेळीं नेमक्या त्याच जागेपासून उरलेला अर्धा भाग टिपावा. मोजदादींत चूक झाली तर दोन्ही वेळची मेहनत पाण्यांत. ज्या क्षणीं ही विद्या पणास लागलेली असते, बरोबर त्याच क्षणीं आमचे नवे रसिक हंसतात.

या चित्रपटांना 'ब' वर्गाचे म्हणण्याची रूढि आहे. तो शब्द मूळचा गुणवाचक नव्हे, हें आमच्या टीकाकारांनीं एकदां ध्यानांत घ्यावें. १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील चित्रपटगृहें एका तिकिटांत दोन चित्रपट दाखवूं लागलीं. पहिल्याच्या उत्पन्नांत कंपनीचा शेंकडेवारीनें वांटा असे. दुसरा ठराविक भाड्यानें मिळे. भाडें ठराविक म्हणून मिळकत ठराविक, आणि मिळकत ठराविक म्हणून खर्चही बेताचा. हा दुसरा तो 'ब'. शब्द जमाखर्चाच्या वहींतला आहे. सौंदर्यशास्त्राशीं त्याचा संबंध नाहीं. अशाच बेताच्या खर्चांत १९४२ सालीं निर्माता व्हॅल ल्यूटन व दिग्दर्शक जाक तूर्नर यांनीं 'कॅट पीपल' काढला, आणि श्वापद दाखविण्यापेक्षां त्याच्या सावलीनें व पावलांच्या चाहुलीनें प्रेक्षकाचें रक्त अधिक गोठतें, हें सिद्ध केलें. आमच्याकडे एका तिकिटांत दोन चित्रपटांची पद्धत तशी रुजली नाहीं. येथें वर्ग पडले ते चित्रपटगृहांवरून आणि त्यांत बसणाऱ्या माणसांवरून. गिरणगांवांतील कामगार ज्याला टाळ्या देतो तो चित्रपट हलका. एवढाच आमचा निकष होता, आणि तो आम्ही अजून सोडलेला नाहीं.

मग हे हलके चित्रपट काढणारे होते तरी कोण? जमशेद वाडिया हे एम्. ए., एल्एल्. बी. झालेले गृहस्थ, पुढें मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. डग्लस फेअरबँक्सच्या 'मार्क ऑफ झोरो' (१९२०) व 'थीफ ऑफ बगदाद' (१९२४) या मूकपटांनीं त्या पिढीला वेड लावलें होतें. १९३३ सालीं जमशेद व त्यांचे धाकटे बंधु होमी यांनीं वाडिया मूव्हीटोन स्थापिली, आणि १९३५ सालीं होमींच्या दिग्दर्शनाखालीं 'हंटरवाली' निघाला. नायिका नादिया, मूळची मेरी इव्हान्स. १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जन्मलेली, लहानपणीं मुंबईस आलेली, सर्कशींत काम केलेली. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें ती धांवत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशीं झुंजते. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्यें मारामारीच्या जोडीनें साक्षरतेचा आणि स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार आहे. तिच्या यशांत गोऱ्या कातडीचा वांटा नव्हता असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तरी पण ज्या काळांत बहुतेक गंभीर बोलपटांतील नायिका पदराला डोळे पुसत होत्या, त्या काळांत ही बाई धटिंगणांना खांद्यावर उचलून भिरकावीत होती. ('कुंकू'मधील नीरेचा अपवाद आम्ही आनंदानें मान्य करतों, पण अपवाद म्हणूनच.)

आतां आमच्याविषयीं. ही आवड आम्हीं बंडखोरीनें मिळविलेली नाहीं. ती आम्हांला घरांतून मिळाली. १९७० नंतरच्या दशकांत एका तालुक्याच्या गांवीं आम्ही वाढलों. जत्रेंत तंबूचा सिनेमा येई. प्रोजेक्टर एकच असल्यामुळें रीळ संपलें कीं अंधारांत थांबावें लागे, आणि त्या अंधारांत मागल्या रिळाची चर्चा होई. नादिया आमच्या वांट्याला तेव्हां आली नाहीं, ती पुष्कळ उशीरा भेटली. आमच्या तंबूंत दारासिंग आणि जुने पौराणिक चित्रपट. आजी फक्त पौराणिकाला येई. मारुतीनें उड्डाण केलें तेव्हां दोरा दिसल्याचें आम्हीं मोठ्या शहाणपणानें तिच्या कानांत सांगितलें. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. तिला तो आमच्याआधींच दिसला होता. "आहे दोरा. असूं दे," एवढें म्हणून तिनें हात जोडले. मामा एका कारखान्यांत टर्नर होता. त्याचें पाहणें निराळें. "उडतांना तो कमरेंत वांकतोय का, तें बघ," तो म्हणे, "वांकत नाहीं ना? म्हणजे पट्टा दोन ठिकाणीं आहे." दोरा दिसला तरी आजी हंसली नाहीं, आणि मामाही हंसला नाहीं. तंबूचा ऑपरेटर तुटलेली फीत खरवडून, सिमेंट लावून जोडी, आणि कापलेल्या चौकटी आम्हां मुलांना देई. त्या उन्हांत धरून आम्हीं पुष्कळ दुपारी घालविल्या.

यांत एका प्राध्यापकांचीही भर पडली. बी. ए. च्या वर्गांत ते आम्हांला एलिझाबेथकालीन नाटक शिकवीत. लंडनमध्यें नाटकगृहांच्या शेजारींच अस्वलांवर कुत्रीं सोडण्याचे आखाडे होते, तोच प्रेक्षक इकडून तिकडे जाई, मार्लोच्या फाउस्टसमध्यें सैतान येत ते दारूकामासह, आणि खुद्द शेक्सपिअरनें 'विंटर्स टेल'मध्यें अस्वल रंगभूमीवर आणलें, हें ते मोठ्या चवीनें सांगत. ज्याला अस्वलाची लाज वाटते त्यानें काव्य ऐकावयास बसूं नये, असा त्यांचा दंडक होता. तंबूंतल्या आवडीबद्दल वर्गांत तोंड लपवावयाचें कारण त्यानंतर आम्हांला उरलें नाहीं.

आमची खरी तक्रार आहे ती आमच्या दुटप्पीपणाबद्दल. ज्या घरांतून मुलांना मारधाडीच्या चित्रपटांची बंदी होती, त्याच घरांतून 'हनुमान पाताल विजय' (१९५१) आणि 'संपूर्ण रामायण' (१९६१) यांना सहकुटुंब जात असत. हे दोन्ही चित्रपट कोणाचे? होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचे. म्हणजे हंटरवालीच्या दिग्दर्शकाचे. 'संपूर्ण रामायण'चा दिग्दर्शक कोण? तोच काळ्या दोऱ्याचा बाबूभाई. त्यानेंच पुढील वर्षीं, १९६२ सालीं, 'किंग काँग' काढून दारासिंगला नायक केलें. आणि १९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण सुरू झालें, रविवारीं सकाळीं आमच्या सोज्वळ दिवाणखान्यांतून लोक पडद्यावरील मारुतीला नमस्कार करूं लागले, तो मारुति म्हणजे हाच दारासिंग. नमस्कार करतांना 'किंग काँग'ची आठवण कोणीं काढली नाहीं.

तोच प्रकार आमच्या इतिहासलेखनाचा. मराठी माणसाच्या चित्रपटस्मृतींत फाळके आहेत, बाबूराव पेंटर आहेत, प्रभात आहे, तीं असावींतच. परंतु मूकपटांतून तलवार गाजविणारा मास्टर विठ्ठल आमच्या स्मरणांत कोठें आहे? १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें पहिला बोलपट 'आलम आरा' झळकला त्याचा नायक तोच होता. भगवान १९३८ पासून दहाबारा वर्षें गिरणी-कामगारांसाठीं स्वस्त स्टंटपट काढीत होता. आम्हांला तो ठाऊक आहे १९५१ च्या 'अलबेला'पासून, कारण त्याच्या नाचावर आमच्या वराती अजून नाचतात. गिरणी-कामगाराच्याच पोटीं जन्मलेला हा माणूस पैसा गमावून दादरच्या चाळींत राहिला आणि तेथेंच २००२ सालीं वारला. आणि एक गोष्ट प्रभातच्या अभिमान्यांनीं मनांत ठेवावी: व्ही. शांताराम यांनीं १९४२ सालीं परळ येथें राजकमल कलामंदिर उभारलें, तें वाडिया मूव्हीटोनची वास्तु विकत घेऊन. 'शकुंतला' आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' ज्या छपराखालीं घडले, त्याखालीं आधीं हंटर कडाडला होता.

आम्ही या चित्रपटांचे भाट नाहीं. त्यांतले पुष्कळ कंटाळवाणे आहेत. रामसे बंधूंनीं घरचींच माणसें घेऊन 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून महाबळेश्वरच्या धुक्यांत भय निर्माण केलें, त्याला आमची दाद आहे. पण मध्यें मध्यें ते जो विनोद घालतात तो पाहतांना भूत लवकर यावें अशी प्रार्थना करावी लागते. जंगलपटांतून आदिवासींना काजळ फांसून नाचविण्याची जी खोड होती, ती आम्हांला संतापजनक वाटते. हें सारें लिहिलें पाहिजे, कठोरपणें लिहिलें पाहिजे. मात्र टीका करावयाची तर आधीं वस्तु डोळे उघडून पाहावी लागते आणि कर्त्याचें नांव ठाऊक असावें लागतें. हंसणाऱ्याला दोहोंचीही गरज नसते, म्हणून तर हंसणें एवढें लोकप्रिय आहे.

यांत केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. ज्याला मान नाहीं तें जपून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाहीं. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मूकपटांपैकीं बहुतेक सारे गेले. वांचले ते बोटांवर मोजण्याजोगे, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांनीं. जुन्या फिती चांदी काढण्यासाठीं वितळविल्या गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें १९६४ सालीं. तोंपर्यंत मारधाडीच्या मूकपटांचें कोणीं काय जपलें असणार? पुढें २००३ च्या जानेवारींत पुण्यासच आग लागून नायट्रेटच्या पुष्कळ फिती जळाल्या. जें गेलें त्याचा हिशेब आतां कोणी देऊं शकत नाहीं.

तेव्हां आमची विनंती त्या तरुण रसिकांना आहे, आणि त्यांच्या आईबापांनाही. चित्रपटगृहाच्या दारांत एके काळीं गाण्यांच्या चोपड्या विकत. आत दोन पानें कथानक, चार पानें गाणीं, आणि मागें कर्त्यांचीं नांवें. कित्येक घरांच्या माळ्यांवर त्या अजून असतील, ट्रंकेच्या तळाशीं, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांत. घर पाडावयाचें ठरलें कीं त्या पहिल्यानें रद्दींत जातात. तसें करूं नये. त्या पुण्याच्या संग्रहालयाकडे धाडाव्या. नट-नटींचीं नांवें बहुधा इतरत्रही सांपडतात. करामतकार, छायाचित्रकार, घोड्यावरून पडणारे, रंगपट सांभाळणारे यांचीं नांवें एखाद्या चोपडीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतील, तर तें पान फाटलेलें असलें तरी पाठवावें.