फुकट ते पौष्टिक?



होस्टेलमध्ये दोन गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. एक, आज मेसमध्ये काय आहे ही बातमी. दुसरी, कुठल्यातरी नव्या साइटचं नाव! "अरे, ही बघितलीस का? एकदम भारी आहे, आणि फुकट!" झालं, दुसऱ्या दिवशी अख्ख्या विंगचं तिथे खातं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे अशी साधनं हुडकत फिरणं हा माझा धंदाही आहे आणि छंदही. पण इतकी वर्षं हा उद्योग केल्यावर माझं एक ठाम मत झालंय. साधन चांगलं की वाईट हे पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून कळत नाही. त्यासाठी ते डिंभ्याला न्यावं लागतं.

डिंभे माझं गाव. मंचर-घोडेगावहून भीमाशंकरला जाताना लागतं. घोड नदीवर मोठं धरण आहे. पावसाळ्यात लाइट जाते आणि लाइटीच्या मागोमाग रेंजही जाते. आता गंमत बघा. उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र १९७१ साली आर्वीला उभं राहिलं, म्हणजे आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. कुठल्याकुठल्या दूरच्या दीर्घिकांचे संदेश तिथे येतात. आणि आम्हाला घरून पुण्याला फोन लावायचा तर रेंज शोधत रस्त्यावर यावं लागतं!

असो. तर माझी ही 'डिंभे कसोटी' तीन प्रश्नांची आहे.

पहिला प्रश्न : रेंज गेली की काय?

गिट घ्या. कॉम्प्युटरवाल्यांना माहीतच आहे, पण मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी सांगतो. आपल्या फाइलींमध्ये कधी काय बदल केला याची चोख वही ठेवणारं हे साधन. सगळा इतिहास आपल्याच मशीनवर असतो. डिंभ्यात बसून दिवसभर काम करा, नोंदी करा आणि मंचरला रेंज आली की वर चढवा. याच्या जन्माची कथाही ऐकण्यासारखी आहे. लिनक्सची मंडळी आधी बिटकीपर नावाचं खाजगी साधन फुकट वापरत होती. २००५ मध्ये ती फुकटची सवलत काढून घेतली गेली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनी काही दिवसांतच गिटचा पहिला अवतार लिहून काढला. म्हणजे फुकट वेगळं आणि आपलं वेगळं! हा फरक नीट लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न : माझा माल मला परत मिळेल का?

जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. त्या त्या वेळी ही नावं अमर वाटायची. ऑर्कुटवर तर एका पिढीची मैत्री, भांडणं आणि लग्नं जमली. कंपनीने दुकान बंद केलं यात गुन्हा काही नाही, दुकान त्यांचंच होतं. पण आपलं सामान आत ठेवताना मागचं दार कुठे आहे हे आपणच बघायला हवं ना? कुठल्याही सेवेत खातं उघडलं की मी पहिल्याच दिवशी 'एक्सपोर्ट'चं बटण शोधतो. ते नसेल तर तिथे फक्त टाइमपास करायचा, प्रोजेक्ट ठेवायचा नाही.

तिसरा प्रश्न : मराठी चालतं का?

नुसतं दिसतं का नव्हे, शोधता येतं का, क्रमाने लावता येतं का? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आठवा. फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! युनिकोडने हा त्रास संपवला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला थोडे दिवस जातात, पण मग आयुष्यभर उपयोगी पडतो. सर आणि मॅडमना इथेच एक विनंती करतो. मॅगझिनचा मराठी विभाग युनिकोडमध्येच ठेवा आणि पीडीएफबरोबर साधी टेक्स्ट फाइलही जपा. २० वर्षांनी एखाद्याला आपली कविता शोधायची असेल, तर ती सापडली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आता सगळीकडे फोरजी-फाइव्हजी, सगळं क्लाउडवर आणि कोडसुद्धा एआय लिहून देतं. कशाला हवी ही डोकेदुखी? तुमचं बरोबर आहे. मी पण हे सगळं रोज वापरतो. वापरू नका असं म्हणतच नाही. पण एआयने लिहिलेला कोड आपल्याला समजला पाहिजे आणि आपल्या डिस्कवर राहिला पाहिजे. उद्या ती सेवा महाग झाली तर हात बांधलेले नकोत, एवढंच.

आता माझा सगळ्यात लाडका शोध सांगतो. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीचे फोटो काढताहेत आणि २००८ पासून तो सगळा संग्रह सर्वांना मोफत आहे. त्यातली धरण भरण्याआधीची एक प्रतिमा उतरवा, एक हल्लीची उतरवा आणि क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवा. आधी नदीची बारीक रेघ दिसते, नंतर पसरलेलं पाणी. आमच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. ज्यांची घरं गेली त्यांच्या नातवंडांना शिवार कुठे होतं हे स्क्रीनवर दाखवता येतं. वरच्या तिन्ही प्रश्नांत हे साधन पास!

आणि आता जरा गंभीर. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका एसटी ड्रायव्हरच्या. उपग्रह होते, मोबाइल होते, इंटरनेट होतं. पण खबर दिली ती रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाने. २०२४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींच्या माहितीसाठी भूसंकेत हे पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण मदतीला निघालेल्या गाडीला वाडीचं नाव आणि तिथे जाणारी वाट नकाशात सापडली पाहिजे. ती कोण भरणार? लांबच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला आपल्या वाडीचं नाव कुठून कळणार?

ते काम आपलं आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा नकाशा २००४ पासून लोकच भरताहेत. त्यातली माहिती कुणालाही उतरवून घेता येते. ओएसएमअँडसारख्या ॲपमध्ये तो रेंज नसतानाही चालतो आणि गावांची नावं मराठीत टाकता येतात. म्हणजे इथेही तिन्ही प्रश्नांत पास.

म्हणून येत्या सुट्टीत घरी गेलात की एक करा. आपली वाडी, शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, विहीर आणि पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता एवढं त्या नकाशात टाका. नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांच्याच उच्चाराने लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. होस्टेलात किती गावांची पोरं राहतात, मोजा बघू!