अँटिकोडॉनला मिळालेलं अवास्तव श्रेय

ट्रान्सफर आरएनए (टीआरएनए) बारावीत शिकवला जातो तो अँटिकोडॉनच्या भोवती. एका टोकाला तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. अक्षरं जुळली की प्रथिनाची साखळी पुढे सरकते. यात चूक काही नाही, पण खरा निर्णय होतो ती जागा मात्र झाकली जाते. कुठल्या टीआरएनएवर कुठलं आम्ल चढवायचं, हे रायबोसोमच्या आधीच विकरं ठरवतात. 1962 मध्ये टीआरएनएवर चढलेल्या सिस्टीनचं रसायन वापरून अ‍ॅलानीन करण्यात आलं, आणि रायबोसोमने ते सिस्टीनच्या जागी बिनतक्रार बसवलं. म्हणजे विकराची निवड चुकली, तर पुढे तिला अडवणारं फारसं कुणी उरत नाही.

मग विकर ओळखतं कशावरून? ई. कोलायमधल्या अ‍ॅलानीनच्या टीआरएनएमध्ये, आम्ल चढतं त्या टोकाच्या देठातल्या तिसऱ्या जोडीत, ‘जी’ या अक्षरासमोर नेहमीच्या ‘सी’ऐवजी ‘यू’ असतो. ही जोडी किंचित सरकून बसते. 1988 मध्ये या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी ती बदलली, तेव्हा तो रेणू अ‍ॅलानीन घेईना. तीच जोडी सिस्टीनच्या टीआरएनएमध्ये घातली, तर तो अ‍ॅलानीन घेऊ लागला. अँटिकोडॉनला हातही लावलेला नव्हता. पुढच्याच वर्षी तर देठाच्या सात जोड्यांच्या तुकड्यावरही अ‍ॅलानीन चढलं, आणि त्या तुकड्यात अँटिकोडॉन मुळी नव्हताच!

हा अपवाद आहे, असं कुणी म्हणेल. बहुतेक विकरं अँटिकोडॉनही तपासतात, हे मान्यच. पण ग्लुटामीनचं विकर तो तपासतं तेव्हा त्याची अक्षरं उलगडून आपल्या खाचांत घेतं आणि दुसऱ्या टोकाला देठाची पहिली जोडी सोडवतं. 1989 मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून हे दिसलं. तिथे अँटिकोडॉनही रेणूच्या आकाराचाच एक भाग म्हणून ओळखला जातो. सेरीनचे संकेत तर सहा, आणि त्यांच्या सर्व अँटिकोडॉनमध्ये एकाच जागी समान असं एकही अक्षर नाही. तिथे विकर टीआरएनएचा लांब जादा हात धरतं.

इतका तपशील विद्यार्थ्यांना कशाला, हा आक्षेप मला पटत नाही. अ‍ॅलानीनच्या विकराला आकाराने किंचित मोठं असलेलं सेरीनही चालून जातं, म्हणून चुकून चढलेलं सेरीन काढून टाकण्याची सोय त्याच विकरात आहे. ही सोय जराशी अधू झालेल्या उंदरांच्या लहान मेंदूतल्या पेशी मरतात आणि त्यांचा तोल जातो, असं 2006 मध्ये दिसून आलं. त्या उंदरांचे अँटिकोडॉन मात्र बिनचूक होते.