साडेसात बाय सव्वाआठची रिकामी जागा

क्लब हाउस, जिम, मिनी थिएटर, कव्हर्ड पार्किंग... आमच्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये सगळं होतं. फक्त एक गोधडी अंथरता येईल एवढी जागा कुठे आहे, ते छापायचं राहून गेलं.

हसू नका! हा प्रश्न गेले दोन महिने आमच्या घरात जाम सीरियस होता.

झालं असं, की गेल्या वर्षी आजी गेली. वाईजवळच्या गावातलं तिचं घर आवरताना ट्रंकेत सात नऊवारी लुगडी निघाली. धुवट, मऊसूत, काही ठिकाणी हात लावला तर फाटतील अशी. दागिन्यांचं काय करायचं ते मामा-मावशींनी दहा मिनिटांत ठरवलं. लुगडी कुणालाच नको होती. आईने ती बॅगेत भरली आणि पुण्याला आणली. "याची वाकळ करायची," एवढंच म्हणाली.

'गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या शहरात आजही दिसतात. मी दोन नंबरसुद्धा आणले. पण आईचं म्हणणं, ही लुगडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाहीत. विषय संपला.

आता यात गोची काय ते सांगते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आहेत, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे जिला येतं तिला वाकता येत नाही, आणि जिला वाकता येतं (पक्षी : मी) तिला शर्टाचं बटण लावण्यापलीकडे काही येत नाही.

थोडं गणित. लुगड्याचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. दोन पन्हे जोडले की रुंदी साडेसात फूट. लांबी आपण सव्वाआठ फूट धरली. एका नऊवारीतून असा एक थर निघतो आणि तीनेक मीटर कापड उरतं. विरलेला भाग काढून टाकायला ते कामी येतं. असे पाच थर. शिवायला बसण्याआधी हे पाचही थर एकावर एक, एकही चुणी न पडता अंथरायचे आणि लांब लांब कच्चे टाके घालून एकमेकांना धरून ठेवायचे. हे एकदा नीट झालं की पुढचं काम सोपं. मग गोधडी घडी करून मांडीवर घ्या, टीव्ही बघत शिवा, सहा महिने लावा. खरी परीक्षा पहिल्या दिवसाची. त्या दिवशी गोधडीएवढी सपाट जागा हवी, शिवाय कडेने माणूस फिरेल एवढी.

पहिला प्रयोग, अर्थातच, बेडवर. सहा बाय साडेसहाचा बेड, गोधडी चारही बाजूंनी लोंबत होती. त्यात गादी मऊ. सुई खाली टेकायला कडक काही नाही, त्यामुळे ती कुठवर गेली ते कळतच नाही. तासाभराने मी मोठ्या अभिमानाने गोधडी उचलली, तर सोबत बेडशीटही वर आली. शिवलेली!

मग हॉल. सोफा पॅसेजमध्ये, टीपॉय बाल्कनीत, शू-रॅक बाथरूमच्या दारात. फरशीचा एक फायदा मात्र सही आहे. दोन बाय दोनच्या टाइल्सचे सांधे म्हणजे फुकटची ग्राफ शीट, कापड काटकोनात बसलंय की नाही ते लगेच कळतं. खालचा थर मी मास्किंग टेपने फरशीला चिकटवला. आई खुर्चीवर, हातात काठी, काठीच्या टोकाने ऑर्डर्स : "तिकडं फुगा आलाय. अगं तिकडं नाही, पलीकडं!" मी रांगत रांगत ओळीमागून ओळ घातली. संध्याकाळी उलटून पाहिलं, तर खालच्या थराला चांगल्या बोटभर लांबीच्या सात-आठ चुण्या. चूक माझी. मी कापड ताणून चिकटवलं होतं. सुती कापड ताणलं, की टेप काढल्यावर परत आकसतं आणि सगळे थर चुरगळतात. ते सरळ असावं, ताणलेलं नसावं.

आई काही बोलली नाही. फक्त हळूच खुर्चीवरून खाली उतरायला लागली. मी ओरडलेच. "मी बसले असते तर एका दुपारचं काम होतं," म्हणाली आणि खोलीत जाऊन झोपली. नऊ वाजता. न जेवता.

मी टाके उसवत बसले तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. इतके दिवस मी माझ्यासाठी जागा शोधत होते. हवी होती आईसाठी.

तसं पाहिलं तर हे काम कायम जमिनीवरच झालंय. आजीच्या गावात मारुतीच्या देवळाचा सभामंडप होता आणि कोपरे धरायला चार बायका. बंगालमध्ये नक्षी कांथा करतानाही थर जमिनीवर पसरतात, कडांवर वजनं ठेवतात आणि लांब टाक्यांच्या दोन-तीन ओळी घालून घेतात. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी मात्र वेगळी. त्या कच्चे टाके घालतच नाहीत. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत, शिवत मध्यापर्यंत येतात. मी हे आईला सांगितलं. "त्यांना येतं म्हणून," म्हणाली.

टेरेसचा विचार दोन मिनिटं केला. वारा, कबुतरं, चायना मोझॅक. सोडून दिला.

आणि मग क्लब हाउसमधलं टेबल टेनिसचं टेबल आठवलं. नऊ फूट बाय पाच फूट, उंची अडीच फूट, कडक आणि गुळगुळीत. आई रोज ओट्यापाशी तासभर उभी राहतेच की!

सेक्रेटरी काकांचा एकच सवाल : "ओरखडे पडले तर?" आईने उत्तरादाखल घरून स्टीलचा चमचा आणला. सुई खाली गेली की तिचं टोक चमच्याच्या कडेवर घ्यायचं आणि वर उचलायचं, टेबलाला सुई घासतच नाही. काकांनी तीनदा बघितलं. मग मंगळवार, अकरा ते दोन, पोरं शाळेत असतात तेव्हा.

मंगळवारी आम्ही नेट काढली. चारही कडांच्या मध्यावर एकेक काडेपेटीची काडी टेपने चिकटवली, म्हणजे पाच थरांखालूनही मध्य बोटांना लागतो. मैत्रिणीच्या ऑफिसातून आणलेल्या मोठ्या बाइंडर क्लिप्सनी खालचा थर कडेला धरला. रुंदीला गोधडी दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट लोंबत होती. त्या भाराने कापड ओढलं जाऊ नये म्हणून खाली खुर्च्या लावल्या. आई उभी राहिली, दोन्ही तळवे मध्यावर ठेवले आणि बाहेरच्या दिशेने फिरवत नेले. एकदा. दोनदा. फुगे तिच्या हातापुढे पळत काठापर्यंत गेले आणि संपले. मी काठीने दाखवलेल्या जागी ज्याच्याशी तासभर झुंजले होते, ते हे!

टाके मध्यापासून बाहेर, दोन ओळींत मुठीएवढं अंतर. मधला भाग झाला, क्लिप्स काढल्या, गोधडी सरकवली, परत क्लिप्स, मग कडा. सुई मी ओवत होते, चमचा आईच्या हातात. मध्येच ती एका जांभळ्या काठावर थांबली. "हे माझ्या बारशाचं," म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

दोनला पोरं बॅट घेऊन दारात हजर. आमच्या दोन ओळी बाकी. आईने त्यांना चार कोपऱ्यांवर उभं केलं आणि "धरा, ओढायचं नाही" असा दम भरला. पावणेतीनला संपलं. नेट लावण्याआधी काकांनी टेबलावर हात फिरवून बघितला. ओरखडा नव्हता.

सध्या मी रोज रात्री अर्धा तास शिवते आहे, आई टाके मोजते आहे. आणि पुढच्या मंगळवारी अकरा ते दोन टेबल बुक आहे, बी विंगच्या काकूंच्या नावावर. चमचा आमच्याकडून न्यायचा आहे त्यांना.