आपला संघ खाली उतरतो तेव्हा...

बालमित्रांनो, आणि 'आम्ही आता बाल राहिलो नाही' असं म्हणणाऱ्या दोस्तांनो,

आज आपण हरण्याबद्दल बोलू या. पण साध्या हरण्याबद्दल नाही बरं का! आज हरलो, उद्या जिंकू, असं म्हणून जे झटकून टाकता येतं ते हरणं सोपं असतं. मी बोलणार आहे ते वेगळ्याच हरण्याबद्दल. त्यात अख्खा संघ एक पायरी खाली जातो आणि निदान वर्षभर तरी तिथेच राहतो. फुटबॉलमध्ये याला 'रेलिगेशन' म्हणतात.

आमच्या कामठ्याकडे धानाची कापणी झाली की मोकळ्या बांध्यांमध्ये पोट्टे चेंडू घेऊन धावू लागतात. इकडे दोन दगड, तिकडे दोन दगड, झाले गोल तयार! कुणाच्या अंगात बार्सिलोनाचा सदरा, कुणाच्या अंगात मँचेस्टरचा. ज्या गावाचं नाव नकाशात शोधावं लागतं, त्या गावचा संघ यांचा 'आपला' असतो. आणि आपला संघ हरला की दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड एवढंसं होतं. मग तो संघ थेट खालच्या गटात गेला तर?

आधी हे 'खाली जाणं' कसं असतं ते समजून घेऊ. फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास १, हरल्यास ० गुण. मोसम संपला की गुणांची यादी लागते. जो पहिला तो विजेता. आणि जे तळाशी असतात, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन संघ, त्यांना पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळावं लागतं. त्यांच्या जागी खालच्या गटातले सर्वांत चांगले संघ वर येतात. म्हणजे मोसमाच्या शेवटी एकाच दिवशी एका गावात पेढे वाटतात, तर दुसऱ्या गावात चूलही पेटू नये असं वाटतं!

आपल्या क्रिकेटमध्येही असं असतं. रणजी करंडकात 'एलिट' आणि 'प्लेट' असे गट असतात. आपला विदर्भ एके काळी कित्येक वर्षं प्लेट गटात खेळत होता. त्याच विदर्भाने २०१७-१८ मध्ये रणजी करंडक जिंकला, २०१८-१९ मध्ये पुन्हा जिंकला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला!

आता चला गोव्याला. पणजीचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब तुम्हांला ठाऊक आहे का? तुमच्या आईबाबांपैकी कुणी फुटबॉल पाहत असेल तर त्यांना विचारा. हा क्लब देशाचा विजेता झाला, तोही एकदा नाही, पाच वेळा! २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पहिली दोन विजेतेपदं नॅशनल लीगची आणि पुढची तीन आय-लीगची. आर्मांदो कोलासो हे त्यांचे प्रशिक्षक. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स असे एकाहून एक खेळाडू. आणि पुढे रँटी मार्टिन्स नावाचा नायजेरियाचा आघाडीवीर. त्याने २०११-१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले! २००८ साली हा क्लब एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. एएफसी चषक ही तेव्हाची आशियातल्या क्लबांची स्पर्धा होती.

मग काय झालं? रँटी दुसऱ्या क्लबात गेला. कोलासोही गेले. जुने खेळाडू वयाने थकले. संघ एका रात्रीत बिघडत नाही मित्रांनो, घराच्या भिंतीला ओल धरते तसा हळूहळू बिघडतो. २०१४-१५ च्या मोसमात आय-लीगमध्ये ११ संघ होते. डेम्पो आला दहावा. आणि तीन वर्षांपूर्वी जो देशाचा विजेता होता, तो दुसऱ्या श्रेणीत गेला.

तुम्ही म्हणाल, "दहावा आला ना? मग अकरावा कोण? तो का नाही गेला?"

शाब्बास! इथेच तर खरी गंमत आहे. अकरावा होता पुण्याचा भारत एफसी. पण तो त्याच वर्षी नव्याने घेतलेला क्लब होता आणि नव्या क्लबाला खाली पाठवायचं नाही असा नियम होता. म्हणून शेवटचा वाचला आणि शेवटून दुसरा पडला.

आता डेम्पोच्या पाठीराख्याच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. काय काय वाटेल?

पहिल्यांदा राग येईल. रेफरीचा राग, प्रशिक्षकाचा राग, नियमाचा तर फारच! मग लाज वाटेल. म्हणजे बघा, चेंडूला आपण पायही लावलेला नाही, पेनल्टी आपण चुकवलेली नाही, तरी लाज आपल्याला! मित्र चिडवतात तेव्हा उत्तर सुचत नाही. आपल्या संघाचा सदरा कपाटात सगळ्यांत खाली जाऊन बसतो. आणि मग मनात हळूच एक विचार येतो... संघ बदलून टाकावा का? जिंकणारे कितीतरी आहेत. कुणाला कळणार आहे?

हे सगळं वाटणं खोटं नाही आणि वेडेपणाचंही नाही. आपण ज्यावर माया करतो त्याचं दुखलं की आपल्याला दुखतं. आजीचा गुडघा दुखतो तेव्हा तुम्हांला का वाईट वाटतं? गुडघा काही तुमचा नाही! तसंच आहे हे. आपण एखाद्या संघाला 'आपला' म्हणतो ना, तेव्हा त्याच्या सुखाबरोबर त्याचं दुःखही आपल्या वाट्याला येतं. त्यातलं सुख तेवढं घेतो आणि दुःख परत करतो असं म्हणता येत नाही.

पुढची गोष्ट ऐका. नियमाने वाचलेला भारत एफसी पुढच्या मोसमात मैदानात उतरलाच नाही. आय-लीगमधून बाहेर पडला, संपला. आणि पडलेला डेम्पो? तो मुकाट्याने दुसऱ्या श्रेणीत खेळला. मोठमोठ्या मैदानांवर खेळलेला हा क्लब, आता समोर नवखे संघ. पण २०१५-१६ मध्ये त्याने ती दुसरी श्रेणी जिंकली आणि वरची जागा परत मिळवली!

आता गोष्ट इथे संपली असती तर ती पुस्तकातली गोष्ट झाली असती. पण खऱ्या गोष्टी इतक्या सरळ नसतात. २०१६ साली भारतीय फुटबॉलची नवी रचना ठरू लागली. नव्या इंडियन सुपर लीगला वरचं स्थान आणि आय-लीगला खालचं, असा तो बेत होता. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेम्पो या तिन्ही क्लबांना ते पटलं नाही. तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. घाम गाळून मिळवलेली जागा डेम्पोने सोडून दिली. त्यानंतर कित्येक वर्षं हा क्लब गोव्यातल्या स्पर्धांत खेळत राहिला. शेवटी २०२३-२४ मध्ये आय-लीग २ मध्ये दुसरा येऊन त्याने पुन्हा वरची पायरी गाठली आणि २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये खेळला. मोजा बरं, २०१५ ते २०२४. पहिलीत असलेलं पोर नववी-दहावीला येईल इतका काळ! तोवर ज्यांनी 'आपला डेम्पो' म्हणणं सोडलं नाही, त्यांच्या मनात त्या दिवशी काय झालं असेल?

याच गोष्टीची आणखी एक फांदी आहे. २०१५-१६ मध्ये मिझोरामचा आयझॉल एफसी आय-लीगमधून खाली गेला. त्याच्याही खाली एक संघ होता, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण तोही नवा, म्हणून वाचला! आयझॉलचे लोक किती चिडले असतील सांगा. मग गोव्याचे क्लब बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावण्यात आलं. आणि २०१६-१७ च्या त्या मोसमात, हसू नका हं, आयझॉल चक्क देशाचा विजेता झाला! ३७ गुण. मोहन बागानचे ३६. एका गुणाने!

त्यांचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हे आधी कित्येक वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि २०१६ मध्ये मुंबईने त्यांना काढून टाकलं होतं. मग २०१६-१७ मध्ये मुंबई एफसीचं काय झालं? शेवटून पहिला नंबर! मुंबई खाली गेली आणि त्यानंतर तो क्लब बंदच झाला. २००७ साली सुरू झालेला, कूपरेज मैदानावर खेळणारा संघ दहा वर्षांत संपला. पुढे २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हांला 'रडू नका, सगळे परत वर येतात' असं खोटं सांगणार नाही. काही येतात, काही येत नाहीत. मुंबई एफसीच्या पाठीराख्यांना पुढचा मोसम मिळालाच नाही. आणि क्लब बंद होतो तेव्हा नुसतं नाव पुसलं जात नाही. खेळाडूंना दुसरीकडे काम शोधावं लागतं. मैदानाची निगा राखणारे, सामान उचलणारे, लहान मुलांना शिकवणारे, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न येतो. तुमच्या दुःखात त्यांचीही थोडी आठवण ठेवा.

जगातले मोठे मोठेही यातून सुटलेले नाहीत. पेले ज्या क्लबसाठी खेळले तो ब्राझीलचा सँटोस. १९१२ साली स्थापन झालेला. पेले २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेले आणि बरोबर पुढच्याच डिसेंबरमध्ये सँटोस प्रथमच खालच्या गटात घसरला. २०२४ मध्ये तो गट जिंकून परत आला. इटलीचा युव्हेंटस २००६ मध्ये गैरप्रकारांच्या शिक्षेमुळे खाली गेला. त्याच उन्हाळ्यात इटलीसाठी विश्वचषक जिंकलेले बुफॉन आणि डेल पिएरो त्याच्यासोबत खालच्या गटात खेळले! जगज्जेते होऊन दुसऱ्या वर्गात बसले म्हणा ना. आणि इंग्लंडचा लेस्टर सिटी? २००८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत, २०१६ मध्ये देशाचा विजेता, २०२३ मध्ये पुन्हा खाली, २०२४ मध्ये वर, २०२५ मध्ये परत खाली. जत्रेतला आकाशपाळणाच!

मग आपला संघ खाली गेला तर आपण काय करायचं?

एक, वाईट वाटू द्या. एक दिवस, दोन दिवस. पण जेवण सोडू नका आणि धाकट्या भावावर राग काढू नका. त्याने गोल खाल्लेला नाही!

दोन, दोष शोधायचाच असेल तर पूर्ण मोसमात शोधा. शेवटच्या सामन्यातली एक शिट्टी कुणाला खाली नेत नाही. जूनमध्ये वही उघडली नाही तर मार्चच्या पेपराला दोष देऊन काय उपयोग?

तीन, दुसऱ्याचा संघ खाली गेला तर चिडवताना थांबा. थोडी गंमत चालते, मैत्रीत तेवढं असतंच. पण समोरचा हसायचा थांबला की आपणही थांबायचं.

चार, पुढचा मोसम बघा. खालच्या गटातले सामने टीव्हीवर दिसत नाहीत, पेपरात दोन ओळी येतात. त्या दोन ओळी शोधून वाचणारा तो खरा पाठीराखा.

आता दोन शब्द आईबाबांशी. तुमचा मुलगा किंवा मुलगी संघासाठी रडत असेल तर "हॅट, खेळच तर आहे!" असं म्हणू नका. "त्यापेक्षा अभ्यासाला रडला असतास तर?" असं तर मुळीच नको. जवळ बसा, विचारा, "कोण खेळतं रे तुझ्या संघात? काय झालं?" एवढंच. पोर आज खेळातलं पडणं तुमच्याजवळ बोललं तर उद्या परीक्षेतलं पडणंही तुमच्याजवळच बोलेल. वर्गात पाचवा नंबर होता, पंधरावा झाला, हेही एक प्रकारे खाली जाणंच आहे की! त्या दिवशी घरी यायला मुलाला भीती वाटू नये. संघ पडला तरी त्याला 'आपला' म्हणणारं कुणीतरी असतं. मग मूल पडलं तर त्याला 'आपला' कुणी म्हणायचं?

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे एक गोष्ट दरवर्षी दिसते. पऱ्हे उपटून चिखलात लावले की चार दिवस अगदी मान टाकतात, पिवळे पडतात. नवख्याला वाटतं, गेलं पीक! शेतकरी मात्र बांधावर उभा राहून पाणी किती आहे ते बघतो. सगळेच पऱ्हे धरतात असंही नाही. तरी पाणी बघायला तो रोज जातो.

तुमचा संघ कोणता? तो कधी खाली गेला होता का? आणि तेव्हा तुम्ही सदरा लपवला होतात की घालून शाळेत गेला होतात? खरं खरं लिहून कळवा हं!